परतीची उंची

आलापल्लीच्या जंगलात सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा वन विभागाने १९५०च्या दशकापासून कुऱ्हाड न लावता राखला आहे. ‘वैभव आलापल्ली’ या नावाने तो ओळखला जातो. २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. तिथल्या जुन्या सागाचा शेंडा बघायला मान पार मागे टाकावी लागते. गडचिरोलीच्या चांगल्या जमिनीत वाढलेला साग तीस मीटर सहज ओलांडतो. आता ड्रोनकडे या. डीजेआयच्या माविक प्रोसारख्या काही वर्षांपूर्वी हौशी लोकांत पसरलेल्या यंत्रात परतीची उंची कारखान्यातूनच तीस मीटर लावून येत असे. रिमोटशी संपर्क तुटला की यंत्र आपणहून तीस मीटरांवर चढणार आणि त्या उंचीवरून सरळ रेषेत घरी निघणार. हा आकडा ठरवताना कुणाच्या डोळ्यांपुढे मोकळं मैदान असेल, दुमजली घरांची वस्ती असेल. आलापल्लीत मात्र तीस मीटर म्हणजे नेमकी सागाच्या शेंड्याची उंची.

वैभव आलापल्लीत कुणी ड्रोन उडवू नये, हे वेगळं सांगायला नको. पण तोच साग, तोच ऐन, तोच बिजा चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या शेकडो गावांच्या शिवेवर उभा आहे. शेत संपतं तिथे जंगल सुरू होतं, आणि अनेक ठिकाणी शेताच्या मधोमधही मोहाची झाडं राखलेली असतात. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा, धानावर फवारणी शिकणारी बचत गटाची बाई, हत्तींच्या मागावर निघालेला वनरक्षक, गावठाणाची मोजणी करणारं पथक, या सगळ्यांचे ड्रोन याच झाडांच्या वरून उडतात. यांतल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारलेला असतो: हातातून सुटलं तर परत येईल ना? उत्तर मिळतं, येईल की, बटण आहे त्याला. उत्तर खरं आहे, पण अर्धंच. बटण दाबल्यावर यंत्र नेमकं काय करतं आणि काय करत नाही, ते ज्याला कळलं त्याचाच ड्रोन या जंगलातून शाबूत परत येतो.

सगळ्या सोयीच्या मुळाशी एकच नोंद असते. पुरेसे उपग्रह मिळाले की यंत्र आपण कुठे उभं आहोत ते अक्षांश-रेखांशांत टिपून ठेवतं. पडद्यावर ‘होम पॉइंट’ नोंदल्याचा संदेश येतो. काही यंत्रं तो बोलूनही दाखवतात. पुढे परतायची वेळ तीन कारणांनी येते. उडवणाऱ्याने बटण दाबलं, बॅटरी परतीपुरतीच उरली, किंवा रिमोटचा सिग्नल तुटला. तिन्ही वेळा क्रम जवळपास सारखाच. ठरलेल्या उंचीपेक्षा खाली असेल तर आधी वर चढायचं, मग होम पॉइंटच्या दिशेने सरळ निघायचं, त्याच्या माथ्यावर थांबायचं आणि खाली उतरायचं. संध्याकाळी गोठ्याकडे वळलेली गाय वाटेतला नाला, कुंपण, झुडूप चुकवत येते, कारण तिला वाट ठाऊक असते. ड्रोनला वाट ठाऊक नसते, फक्त एक बिंदू ठाऊक असतो. नव्या आणि महागड्या यंत्रांना अडथळे ओळखणारे कॅमेरे असतात हे खरं, पण त्यांचा भरवसा कुठे संपतो ते पुढे येईलच.

ही सोय सामान्य माणसाच्या हातात आली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरांपर्यंत चुकू शकायची. ती भेसळ थांबली तेव्हा कुठे उपग्रहाच्या भरवशावर एखादं यंत्र अंगणात उतरवणं शक्य झालं. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या फँटमने हौशी लोकांना आपोआप परतणारा ड्रोन दिला. आपल्याकडे त्याआधीच, २००७ साली, आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी आयडियाफोर्ज सुरू केली होती; ‘थ्री इडियट्स’मधला तो उडणारा क्वाडकॉप्टर त्यांचाच.

चंद्रपूर-गडचिरोलीत नवशिक्याची पहिली कसोटी मात्र जमिनीवरच लागते. ऊन कडक असतं, म्हणून माणूस साहजिकच मोहाच्या सावलीत उभा राहतो आणि तिथेच यंत्र मांडतो. वरच्या दाट पानांतून उपग्रहांचे क्षीण संकेत नीट पोचत नाहीत. पडद्यावर उपग्रहांची संख्या कमी दिसते, होम पॉइंटचा संदेश येत नाही, पण यंत्र उडायला नकार देत नाही. मग तो उडवतो. झाडाबाहेर पडून पन्नास-साठ मीटर पुढे गेल्यावर आकाश मोकळं होतं, उपग्रह मिळतात आणि यंत्र होम पॉइंट नोंदवतं, ते त्या क्षणी जिथे असेल तिथला. खाली त्या वेळी गावची बोडी असली तर यंत्राच्या लेखी घर म्हणजे बोडीचं पाणी. पुढे वीस मिनिटांनी बॅटरी उतरते, ड्रोन इमानाने परत येतो आणि पाण्यावर उतरू लागतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. धान कापून झाल्यावरची एखादी मोकळी बांधी निवडावी. धुऱ्यावरच्या झाडांपासून लांब, बांधीच्या मधोमध उभं राहावं. तणस बाजूला सारावी, कारण पंख्यांच्या वाऱ्याने ती उडून पात्यांत अडकते. मुरमाची धूळ मोटरमध्ये जाऊ नये म्हणून खाली एखादी सतरंजी किंवा लँडिंग पॅड पसरावा. यंत्र चालू करून पडद्याकडे बघत स्वस्थ थांबावं. उपग्रहांचा आकडा दहा-बाराच्या वर गेला, होम पॉइंटचा संदेश आला, नकाशावर ती खूण खरोखरच आपल्या पायाशी दिसली, की मग उडावं. आणि वर जाताना सरळ वर जावं. उड्डाणानंतर पहिले सात-दहा मीटर सरळ वर चढताना बरीच यंत्रं खालच्या जमिनीची छायाचित्रं टिपतात आणि परतताना ती जुळवून बघतात. उपग्रहाने दाखवलेली जागा काही मीटर इकडेतिकडे असू शकते. छायाचित्र जुळलं तर उतरणं वीतभर फरकात येतं. घाईने तिरपं उडालेल्या यंत्राला ही मदत मिळत नाही. नुसत्या एकरंगी मातीपेक्षा ठळक रंगाचा पॅड खाली असला तर कॅमेऱ्यालाही जुळवायला काहीतरी मिळतं.

झाडाखाली आणखी एक धोका असतो आणि तो जास्त घातक आहे. फांद्यांच्या खालून, खोडांमधून ड्रोन नेऊन व्हिडिओ घ्यायचा मोह पुष्कळांना होतो. त्या वेळी सिग्नल तुटला तर परतीची पहिली पायरी कोणती? वर चढणं. यंत्र जिथे आहे तिथून थेट वर, फांद्यांत. खालची बाजू आणि पुढची बाजू पाहणारे कॅमेरे बऱ्याच यंत्रांना असतात. डोक्यावरचं पाहणारे स्वस्त यंत्रांत बहुधा नसतात. बहुतेक ॲपमध्ये सिग्नल तुटल्यावर काय करायचं याचे तीन पर्याय दिलेले असतात: परत ये, तिथेच थांब, किंवा तिथेच उतर. मोकळ्या बांधीत पहिला पर्याय योग्य. झाडाखाली उडायचंच असेल तर दुसरा. म्हणजे चार पावलं पुढे गेलं की सिग्नल पुन्हा जुळतो आणि यंत्र हाती येतं. ही सेटिंग बदलायला क्षणभर लागतो, पण ती उडण्याआधी बदलावी लागते.

मग परतीची उंची ठेवावी किती? आजूबाजूचं सगळ्यात उंच झाड, टॉवर, पाण्याची टाकी बघावी आणि त्यावर वीस-पंचवीस मीटर धरावेत. सागाच्या पट्ट्यात साठ मीटर हा आकडा बरा. वरची मर्यादा कायद्यानेच घातली आहे: ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर.

पण हे साठ मीटर कुठून मोजायचे, तिथे भलेभले चुकतात. पडद्यावरची उंची यंत्र जिथून उडालं त्या जागेपासूनची असते, खाली जी जमीन आहे तिच्यापासूनची नव्हे. सपाट शेतात फरक पडत नाही. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात मात्र पडतो. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, माजरीच्या आसपास उघड्या खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे वर्षानुवर्षं साठत गेले आहेत. त्यांना तिथले लोक ओबी म्हणतात. कुणी ओबीच्या पायथ्याच्या शेतातून यंत्र उडवलं, ढिगाऱ्याच्या पलीकडे नेलं आणि परतीची उंची चाळीस मीटर ठेवली असली, तर परतताना समोर माती आहे. एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगराशी, किंवा भामरागडच्या टेकड्यांशी हाच हिशेब. टेकडीवरून उडवून दरीत उतरवलेला ड्रोन बिनघोर परत येतो; दरीतून उडवून टेकडीपलीकडे नेलेला नाही. त्यात डोंगर मध्ये आला की सिग्नलही तुटतो, म्हणजे नको तिथेच आपोआप परत फिरणं सुरू होतं.

तारांचा प्रश्न तर चंद्रपूरचा खास. महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि तिथून वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या चारी दिशांना जातात. त्यांतली एक वेगळी आहे. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे, ५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. १९९९ पासून ती विदर्भाची वीज मुंबईच्या दिशेने नेते. साध्या वाहिनीतला प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो. या वाहिनीतला एकाच दिशेने वाहतो, म्हणून तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही स्थिर असतं. ड्रोनचं होकायंत्र पृथ्वीचं स्थिर क्षेत्र वाचूनच दिशा ठरवतं. अशा तारांच्या अगदी जवळ त्याची गफलत होऊ शकते, आणि दिशाच चुकली तर घर कुठे आहे हे माहीत असूनही यंत्र वाकडं जातं. गाडीच्या बॉनेटवर ठेवून, लोखंडी पुलावर किंवा सळयांच्या स्लॅबवर होकायंत्र जुळवलं तरी हाच घोटाळा होतो. आणि तारा दिसतातच कुठे! मनोऱ्याला ओळखणारे कॅमेरे दोन मनोऱ्यांमधली तार ओळखत नाहीत, पानगळीतल्या सागाची बारीक फांदीही ओळखत नाहीत. म्हणून वाहिनी ओलांडून पलीकडे जाऊच नये. परतीची सरळ रेषा वाहिनीच्या एकाच बाजूला राहील अशी उड्डाणाची जागा निवडावी.

सरळ रेषेची ही गोष्ट कायद्यालाही लागू आहे. डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळी आणि हिरवी क्षेत्रं दाखवलेली असतात. लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय उडताच येत नाही. भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, मोरव्याला धावपट्टी आहे, आणि ताडोबा-अंधारीच्या सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरांत गाभा असो की बफर, वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, आणि हौसेसाठी उडवलेल्या दोन किलोंपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण क्षेत्राचे नियम त्यांनाही तेच. जाताना रस्त्याच्या कडेने वळसा घालून गेलेला ड्रोन येताना वळसा घालत नाही, सरळ रेषेत लाल क्षेत्रावरूनही येऊ शकतो. गडचिरोलीत याला आणखी एक पदर आहे. इथे पोलिसांचे स्वतःचे ड्रोन वर्षानुवर्षं उडत आले आहेत आणि अनोळखी यंत्राकडे कुणी सहजपणे बघत नाही. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी सांगून ठेवणं ही इथली रीत समजावी.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. बहुतेक हौशी ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा मे महिना दुपारी पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पावसापर्यंत दुपारचं उड्डाण पुस्तिकेच्या बाहेरचं. सकाळी साडेनऊच्या आत उरकावं. संध्याकाळी वळवाच्या पावसाआधीचा वारा उठतो, तो जमिनीवर जाणवतो त्याहून साठ मीटरांवर पुष्कळ जोरात असतो. २४९ ग्रॅमचं यंत्र ताशी अडतीस-एक किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत टिकतं असं कंपन्या सांगतात. पण टिकणं वेगळं आणि वाऱ्याविरुद्ध पुढे सरकणं वेगळं. जाताना वारा पाठीशी होता म्हणून यंत्र झपाट्याने लांब गेलं, येताना तोच वारा तोंडावर, आणि बॅटरीचा हिशेब बऱ्याचदा शांत हवेचा असतो. त्यासाठी जुने पायलट सांगतात तेच खरं: जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा तुला आणेल.

नदीवर तर पायाखालची जागाच हलते. वैनगंगेत डोंग्यावरून ड्रोन उडवला आणि दरम्यान डोंगा प्रवाहाबरोबर दोनशे मीटर खाली सरकला, तर ड्रोन दोनशे मीटर वरच्या पाण्यावर परत येतो. काही यंत्रांत रिमोट जिथे आहे तिथे घर हलवायची सोय असते, ती वापरावी. त्याहून बरं, काठावरून उडवावं. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात; पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. असा पूर वरून बघण्याची इच्छा कुणालाही होईल, प्रशासनाला तर ती गरजच असते. पण वाहत्या, चकाकणाऱ्या पाण्यावर खालचा कॅमेरा गोंधळतो. त्याला पाणी स्थिर आणि स्वतः सरकतोय असं वाटतं, किंवा उलट. पाण्यावर खूप खाली न जाणं हाच त्यावरचा इलाज.

या सगळ्या गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात त्या हत्तींच्या कामात. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने वीसहून अधिक हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. नंतरच्या वर्षांत धानोरा, कुरखेडा, आरमोरी, देसाईगंज या पट्ट्यातल्या धानाशी त्यांनी ओळख करून घेतली. हत्ती दिवसा जंगलात थांबतात आणि रात्री शेतात उतरतात. त्यामुळे वन विभागाने उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन वापरायला सुरुवात केली. अंधारात, धानाच्या गार पानांवर, हत्तीचं शरीर पडद्यावर पांढरं उठून दिसतं. गावाला वेळेवर सावध करता येतं, आणि कुठल्या रस्त्याने जाऊ नये हे तासाभराने नव्हे, मिनिटभरात सांगता येतं. मळणीच्या दिवसांत खळ्यावर राखण करणाऱ्या माणसासाठी हा फरक जिवाचा आहे.

आता हे उड्डाण परतीच्या बाजूने पाहा. रात्र आहे, म्हणजे अडथळे ओळखणारे कॅमेरे आंधळे. त्यांना उजेड लागतो. उतरताना जमीन पाहणारा कॅमेराही आंधळा, म्हणून होम पॉइंटवर दिवा किंवा गाडीचा उजेड पाडावा लागतो. परतीची उंची दिवसाच, झाडं बघून ठरवलेली असायला हवी. रात्री अंदाज येत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की हत्ती चालतात. कळप सरकला की पथकाची जीपही सरकते. जीप दोन किलोमीटर पुढे गेली आणि ड्रोनचं घर जुन्याच वळणावर राहिलं, तर बॅटरी उतरल्यावर यंत्र त्या जुन्या वळणावर जाऊन उतरेल, आणि मधल्या अंधारात हत्ती आहेत. जीप हलली की यंत्र उतरवून घ्यायचं, नव्या जागी पुन्हा चालू करायचं, होम पॉइंट नव्याने नोंदवायचा, असा शिरस्ता ठेवला नाही तर एखाद्या वनरक्षकाला यंत्र आणायला रात्री त्या वाटेने जावं लागेल. कुठलंही यंत्र जिवाच्या मोलाचं नाही. ते सकाळी शोधावं.

उंचीचा हत्तींशीही संबंध आहे. टांझानियात तारांगिरे आणि मन्यारा उद्यानांच्या सीमेवर ड्रोनच्या आवाजाने हत्ती शेतांतून हुसकता येतात असं दिसून आलं, आणि २०१७ साली त्यावर शोधनिबंध छापला गेला. म्हणजे आवाज हत्तीला ढकलतो. पण तो कुठल्या दिशेला ढकलतो ते तुमच्या हातात असेलच असं नाही. सिग्नल तुटलेला ड्रोन कमी उंचीने कळपावरून परत फिरला आणि कळप घाबरून वस्तीकडे वळला, तर मदतीला गेलेलं यंत्रच संकट होईल. परतीची उंची इथे झाडांसाठी जितकी, तितकीच हत्तींसाठी वाढवायची. इतर प्राण्यांबाबतही हेच. मिनेसोटात २०१५ साली अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून अभ्यास झाला. वरून ड्रोन गेला तेव्हा एका अस्वलाचे ठोके मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले, तरी अस्वलांच्या वागण्यात फरक क्वचितच दिसला. बाहेरून शांत दिसणारा प्राणी आतून शांत असेलच असं समजू नये. इथल्या उंच झाडांवर आग्या मोहोळंही असतात. त्यांच्याजवळून पंखे फिरले तर यंत्र निसटेल, पण खाली मोहाची फुलं वेचणारी बाई कुठे निसटणार?

शेवटचे वीस मीटर नेहमी माणसाने स्वतः उतरवावेत, असं अनुभवी पायलट म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे. आपोआप उतरणारं यंत्र खाली सपाट आहे की खडबडीत, पाणी आहे की जमीन, एवढं तपासतं. पोरं पाहत नाही. गावात ड्रोन उडाला की शाळा सुटल्यासारखी गर्दी होते, आणि तो परत येताना दिसला की सगळी पोरं होम पॉइंटकडेच धावतात. म्हणून उडवण्याआधीच दोरीने किंवा चुन्याने दहा पावलांचा गोल आखावा, गावातल्याच एका मोठ्या माणसाला त्याची राखण सांगावी. उतरवताना यंत्र एकदम सरळ आणि वेगाने खाली ओढू नये. स्वतःच्याच पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेत ते डळमळतं. हळू, किंचित पुढे सरकत आणावं. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर क्षणभर थांबावं, मग स्टिक खाली धरून ठेवावी, पंखे पूर्ण थांबेपर्यंत. हातात झेलायचा प्रकार व्हिडिओत छान दिसतो. नवशिक्याने तो करू नये.

आणि बटणाची सवय संकट येण्याआधी करावी. यंत्र डोळ्यांसमोर असताना, शंभरेक मीटरांवर, बॅटरी निम्मी असताना परतीचं बटण दाबून पाहावं. ते वर चढतं का, किती चढतं, कुठे वळतं, ते बघावं. मग मध्येच रद्द करून ताबा घ्यावा, कारण रद्द कसं करायचं हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या घारीने झडप घातली, परतीच्या रेषेत तार आली, होम पॉइंटवर बैलगाडी येऊन थांबली, तर रद्द करणं हेच काम असतं.

आता इथल्या लोकांच्या शिक्षणाबद्दल. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने नमो ड्रोन दीदी योजनेला मंजुरी दिली. पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, पैकी पाच दिवस उडवण्याचं, असा आराखडा आहे. हे शिक्षण बहुधा मोठ्या, मोकळ्या, सपाट मैदानावर होतं. तिथे परतीचं बटण दरवेळी चालतं. धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत, धुऱ्यावर उभ्या मोहाच्या झाडांमध्ये, दहा लिटर औषध भरलेलं जड यंत्र घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते मैदान काही शिकवत नाही. वनरक्षकांचंही तेच. चंद्रपूरला वन अकादमी आहे, सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. या तिघांनी मिळून एखादं असं शिकवण्याचं मैदान उभं करावं जिथे मुद्दाम साग राखलेला असेल, एक बोडी असेल, एक टेकाड असेल, एक बंद पडलेली वाहिनी असेल, आणि रात्रीच्या उड्डाणाचा सराव दिव्याच्या उजेडात होईल. तिथे शिकलेल्या बाईने कुरखेड्याच्या तिच्या शेतात यंत्र मांडलं, तर ती आधी वर बघेल, धुऱ्यावरच्या झाडाची उंची डोळ्याने मोजेल, आणि ॲप उघडून परतीच्या उंचीत स्वतःचा आकडा भरेल.